वन्संच्या हाताचं मीठ

बाळांनो, परवा फोनवर धाकटीने मला विचारलं की डाळीत मीठ किती घालायचं, आणि मी "चवीपुरतं" म्हणून मोकळी झाले. त्यावर ती म्हणाली, "आजी, चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?" मागून थोरल्याचा आवाज आला की पाकिटावर सोडियम किती ते छापलेलं असतं, ते बघ. तुम्ही दोघं इतक्या लांब राहून डाळ शिजवता आणि पाकिटं वाचता याचं मला कौतुक आहे. पण या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. ते द्यायचं तर तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीबद्दल सांगावं लागतं, आणि तिच्याबद्दल थोडक्यात सांगणं आजवर कोणाला जमलेलं नाही. कडाव हे तिचं सासर, म्हणून तुम्ही तिला कडावची आजी म्हणता. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांना वन्सं म्हणते. आता त्या थकल्या आहेत, दुपार बहुतेक पडून काढतात, आणि ज्यांनी त्यांचे पराक्रम डोळ्यांनी पाहिले ती माणसंही एकेक करून कमी होत आहेत. म्हणून आताच लिहायला बसले.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या सगळ्या माणसांची मिठाबद्दलची मतं तागडीच्या एका पारड्यात घातली आणि एकट्या वन्संची दुसऱ्यात, तर वन्संचं पारडं जमिनीला टेकेल. त्यांच्या लेखी जगात माणसांचे प्रकार तीनच: खारट हाताची, आळणी हाताची, आणि वन्सं. नवीन माणसाशी ओळख झाली की त्याचं गाव, शिक्षण, नोकरी यांची चौकशी आम्ही करायचो. वन्सं त्याच्या घरी एकदा जेवून यायच्या आणि मग काय ते बोलायच्या. आमच्या शेजारी एक फार सज्जन कुटुंब राहायला आलं होतं, सगळे त्यांना नावाजत होते. वन्संनी त्यांच्याकडची वालाची उसळ खाल्ली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाय, मानसं बरी हायत, पन भित्री हायत. मीठ टाकताना हात मागं घेतात." पुढे ती माणसं खरोखरच भित्री निघाली. अर्थात आपण सगळेच थोडेफार भित्रे असतो, त्यामुळे वन्संचा अंदाज चुकायला फारशी जागा नव्हती.

त्या कोणाच्याही लग्नाला गेल्या की नवरानवरीकडे नंतर जायच्या. आधी मांडवाच्या मागे, जिथे आचारी रांधत असतात तिथे. खालापूरच्या एका लग्नात नवख्या आचाऱ्याने त्यांना हटकलं, "मावशी, बायकांची बसायची सोय पुढं हाय." वन्सं म्हणाल्या, "बसायला नाय आले रं. तुजी भाजी खारट झालीय. बटाटे टाक आनखी, नायतर वऱ्हाड पानी पिऊनच पोट भरंल." तो म्हणाला, "तुमी चाखलीत कवा?" तर म्हणाल्या, "चाखायला कशाला पायजे? वाफ सांगते की." त्याने तुच्छतेने पळी बुडवली, तळहातावर थेंब घेऊन चाटला, आणि बटाट्याचं पोतं ओढलं. मी तिथेच होते. घरी येताना मी त्यांना समजावलं की मीठ पाण्यातच राहतं, ते वाफेबरोबर वर येत नाही, त्यामुळे वाफेवरून मीठ कळणं शक्य नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुज्या पुस्तकातलं मीठ येत नसंल वर," त्या म्हणाल्या. "आमचं पेनचं हाय."

पेणच्या मिठागरातलं जाडं मीठ सोडून बाकी कशालाही त्या मीठ मानत नसत. पाकिटातलं बारीक मीठ म्हणजे रांगोळी. टीव्हीवर पाककृतीचा कार्यक्रम लागला आणि बाईने गोड हसून "चवीनुसार मीठ" म्हटलं की वन्सं पडद्याशी भांडायच्या, "चव कुनाची? तुजी का माजी? सांगायचं तर नीट सांग, नायतर लाटनं ठेव खाली." मुलासाठी मुलगी पाहायला गेल्या तेव्हाची गोष्ट तर सगळ्या आळीला पाठ आहे. पोहे आले. मुलगी इतकी घाबरलेली की बशी पाहुण्यांच्या मांडीवर सांडते की काय अशी वेळ. वन्संनी एक घास खाल्ला, बशी खाली ठेवली आणि यजमानांना म्हणाल्या, "लगीन कवा धरायचं?" शिक्षण, उंची, पत्रिका, काही काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर मुलगा कुरकुरला तर त्याला म्हणाल्या, "हात कापत व्हता पोरीचा, पन मीठ नाय चुकलं. अशी बायको तुला बापजन्मी भेटली नसती." ती सून पुढे सोन्यासारखी निघाली, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण वन्संच्या पद्धतीला मी कितीही हसले तरी निकाल असा आहे.

पण वन्संची खरी गादी होती गावदेवीच्या चैत्रातल्या उत्सवात. त्या दिवशी सगळं कडाव आणि आसपासचे पाहुणे एका मांडवाखाली जेवतात. आमटीचा टोप इतका मोठा की तो चुलाणावर चढवायला चार गडी लागतात. आता यातली अडचण समजून घ्या. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय ते अन्न कोणी चाखायचं नाही, असा आपला रिवाज. टोपातलं थेंबभरही जिभेला लावायचं नाही. एकदा नैवेद्य दाखवला की लगेच पंगत बसते, मग दुरुस्त करायला वेळ नसतो. म्हणजे एवढ्या टोपाचं मीठ न चाखता, एकदाच आणि बरोबर घालायचं. हे काम वन्संचं. त्या पदर खोचून टोपापाशी यायच्या, उकळी बघायच्या, पळीने आमटी वर उचलून धार किती जाड पडते ते पाहायच्या, आणि मग मुठीमुठीने मीठ टाकायच्या. शेवटची मूठ नेहमी अर्धी उघडून, बोटांतून सोडत. त्यांच्या सासूबाईंनी हे काम त्यांना दिलं, आणि तेव्हापासून त्या पंगतीत कोणी आमटीला आळणी म्हटलं नाही की खारट म्हटलं नाही. गावात त्यांना जो मान होता तो या मुठीचा होता. जमीन, मुलाची नोकरी, नवं घर, हे सगळं त्यांच्या हिशेबी त्याच्या मागून येणारं होतं.

अशा बाईला रक्तदाब निघाला.

कर्जतच्या डॉक्टरबाईंकडे मीच त्यांना घेऊन गेले होते, डोकं जड होतं म्हणून. डॉक्टरबाई तरुण, हसऱ्या आणि सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आजी, प्रेशर बरंच वाढलंय. गोळी देते, पण मीठ कमी करायचं." वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्या बाईंनी त्यांना श्वास कमी घ्यायला सांगितला होता. पण घरी येऊन त्यांनी ते मनावर घेतलं, त्यांच्या पद्धतीने. दुसऱ्या दिवसापासून वरचं मीठ बंद. ताटात वरून मीठ घ्यायचं नाही, ताकात टाकायचं नाही, पेरूला लावायचं नाही. आल्यागेल्याला त्या ही प्रतिज्ञा सांगायच्या, आणि सांगताना तोंडी लावायला आंब्याचं लोणचं, भाजलेला पापड, खारातली मिरची आणि भाकरीवर मूठभर सुकट. मी म्हटलं, "वन्सं, या सगळ्यात मीठच आहे." तर म्हणाल्या, "ते लोनच्याचं मीठ. लोनच्याला लागतं. माजं नाय ते." मी म्हटलं, "पोटात तर तुमच्याच जातं ना?" त्यावर त्यांनी भाजलेल्या मिठाचा मुद्दा काढला. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की मीठ तव्यावर भाजून घेतलं की बाधत नाही, मग आठवडाभर त्या तवे जाळत होत्या. त्यानंतर उपासाचं सैंधव आलं. "देवाला चालतं ते डाक्तरला का चालंना?" पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि विचारलं, "आजी, मीठ कमी केलं का?" वन्सं ताठ मानेने म्हणाल्या, "पार सोडलं." आकडा मात्र मागच्याहून वर होता.

शेवटी मी स्वयंपाकघरातला छोटा चमचा घेतला, तो सपाट भरून एका डबीत ओतला आणि ती डबी त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "दिवसभराचं सगळं एवढ्यात. आमटीतलं, भाकरीतलं, लोणच्यातलं, पापडातलं. लोणचं खाल्लं की डबीतलं तेवढं कमी." डॉक्टरबाईंनी हाच हिशेब सांगितला होता. वन्संनी डबी उचलली, हलवून पाहिली. "मी टोपात मुठीनं टाकते," त्या म्हणाल्या, "आनि तू मला चमच्यानं घालतेस?" त्यांना लागलं होतं. मधलं काही त्यांना कधीच जमलं नाही. एक तर सगळं, नाही तर काही नाही. म्हणाल्या, "ठेव तुजी डबी. आजपासनं मीठच नाय खात. बघू कोन हारतं." आणि खरोखर त्यांनी मीठ संपूर्ण बंद केलं. पातळ पेज, बिनमिठाची भाकरी, फळं. वर शेजारणीच्या सल्ल्याने अंगातलं उरलेलं मीठ धुऊन निघावं म्हणून तांब्यावर तांबे पाणी. गोळी लघवी वाढवणारी. आणि दिवस पाऊस संपल्यानंतरच्या उन्हाचे, जेव्हा कडावला भात कापणीला येतो आणि माणसाच्या अंगातून घामाच्या धारा लागतात.

एक दिवस सकाळी मी त्यांच्याकडे गेले. वन्सं ओट्यावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आत्याबाई, कवा आलात?" आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, त्यांना जाऊन कित्येक वर्षं झाली होती. मला वाटलं चेष्टा करताहेत. सून चुलीवर कढी करत होती, तिला अजून मीठ घालायचं होतं. ती सहज म्हणाली, "आत्या, चव बघता का?" वन्संनी वाटी तोंडाला लावली, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "बरी हाय." सुनेने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. बिनमिठाची कढी पिऊन वन्संना काही म्हणायचं नव्हतं. त्या बाईला इतकी वर्षं ओळखत होते, मिठाबद्दल त्यांना मत नाही असा क्षण मी पाहिलेला नव्हता. सून रडायलाच लागली. आम्ही शेजारचा टेंपो थांबवला, त्यांना मध्ये बसवलं आणि कर्जत गाठलं.

रक्त तपासलं तर सोडियम फार खाली गेलेलं. त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं, पाणी मोजून द्यायला लावलं, गोळी बदलली, आणि सलाईन हळूहळू, फार जपून चढवलं. मी घाई करायला लागले तर डॉक्टरबाई म्हणाल्या, हे भराभर वर आणणंही धोक्याचं असतं, धीर धरा. वन्सं शुद्धीवर होत्या पण आमच्यात नव्हत्या. नर्सला त्या सुकटीचा भाव विचारत होत्या. मग एका सकाळी दवाखान्यातली डाळ आली. वन्संनी एक चमचा घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "ही कुनी केली? त्याला बोलवा." मी आणि सून दोघी एकदम हसलो आणि मग दोघींनी डोळे पुसले.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, कमी करा म्हटलं होतं, बंद करा नाही. मीठ जास्त झालं की प्रेशर चढतं. अगदीच गेलं की डोकं चालत नाही. शरीराला ते लागतं, पण बेताचं." वन्संनी उशी सरळ करून पाठीशी घेतली. मग म्हणाल्या, "म्हंजे आमटीवानीच की." डॉक्टरबाई म्हणाल्या, "तसंच." वन्संनी मान हलवली. "मंग आधी तसं का नाय सांगितलंत?"

त्या दिवसानंतर वन्संनी स्वतःच्या शरीराला टोपासारखं वागवायला सुरुवात केली. डबी त्यांनी मागून घेतली. चमचा मात्र परत केला. "माजी चिमूट तुज्या चमच्यापेक्षा खरी हाय," म्हणाल्या, आणि मी मोजून पाहिलं तर खरंच त्यांच्या चिमटी रोज त्या डबीत बसत होत्या. लोणच्याची एकच फोड, पापड सणाला, सुकट धुऊन, भिजवून आणि क्वचित. सुरुवातीला त्यांना सगळंच मातीसारखं लागायचं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की काही आठवड्यांत जीभ सरावेल, आणि तसंच झालं. थंडी पडेपर्यंत वन्संना वांग्याची चव कळायला लागली. "बाय, वांगं गोड असतं गं," त्या मला म्हणाल्या. "इतकी वर्सं मी मिठाखाली दाबून टाकलं व्हतं त्याला." प्रेशर उतरलं. पण त्यातून नवीच अडचण उभी राहिली. आता गावातलं सगळं जेवण त्यांना खारट लागायला लागलं. आणि देवीच्या टोपात त्या ज्या मुठी टाकायच्या, तेवढ्या मिठाची आमटी त्यांना स्वतःला खाता येणार नव्हती. "मी रांधायचं, गावानं खायचं, आनि मी पेज पीत बसायचं?" त्या मला म्हणाल्या. "आनि गावात तरी कोन धड हाय? निम्मी मानसं त्याच डाक्तरकडं गोळ्या घेतात. भावजी पन घेतात."

भावजी म्हणजे त्यांचे चुलत दीर, उत्सवाचे कारभारी. उंच, आवाज मोठा, व्यवस्थेला चोख, आणि देवीच्या कामात कोणाचीही गय न करणारे. वन्संच्या दुखण्याची बातमी त्यांना होती. ते घरी येऊन म्हणाले, "वयनी, वाईट वाटून घेऊ नका. तुमची जीभ आता दवाखान्याची झाली. यंदा टोपाशी दुसरं कोनतरी बघतो." वन्सं म्हणाल्या, "टोपाशी जीभ कवा लागली व्हती, भावजी? चाखतं कोन?" भावजींनी टोपाचं काम त्यांच्याकडेच ठेवलं. ते गेले, पण शंका घेऊन गेले.

मग वन्संनी जे केलं ते सांगताना मला अजून त्यांचा अभिमान वाटतो. गावात दर शनिवारी मारुतीच्या देवळात आमटीभाताचा प्रसाद असतो. बरंचसं गाव तिथेच जेवतं, आणि त्या टोपाचं मीठही वन्संकडेच. तो टोप उत्सवाच्या टोपाहून लहान, त्याला थोड्याच मुठी लागतात. पहिल्या शनिवारी त्यांनी बोटांतून चिमूटभर मीठ परत डब्यात सोडलं. कोणाला कळलं नाही. काही शनिवार गेल्यावर आणखी थोडं सोडलं. मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाहत होते. म्हटलं, "वन्सं, लोकांना सांगून का नाही करत?" त्या म्हणाल्या, "जिभेला सांगायचं नसतं गं. लय मानी असते. तिला वाटलं पायजे का हे तिचंच." आमटीत त्या कोकम थोडं वाढवत, कोथिंबीर सढळ टाकत, फोडणीत लसूण ठेचून घालत. माघ गेला, शिमगा गेला, आणि मारुतीच्या देवळात जेवणाऱ्या कोणाच्याही लक्षात आलं नाही की आपण आता वेगळी आमटी खातो आहोत. उलट भात कमी पडायला लागला.

चैत्र आला. उत्सवाच्या सकाळी मी लवकरच कडावला पोचले. टोप चढलेला होता, डाळ शिजून एकजीव झाली होती, कोकम आणि लसूण यंदा सढळ हाताने पडले होते. वन्सं पदर खोचून आल्या. कारभारी कमरेवर हात ठेवून समोर उभे. वन्संनी उकळी पाहिली, पळीने धार पाहिली, आणि मुठी टाकायला लागल्या. शेवटची मूठ बोटांतून सोडली आणि हात झटकले.

"झालं?" कारभारी म्हणाले.

"झालं."

"गेल्या साली यापरीस दोन मुठी जास्त व्हत्या. मी मोजल्यात."

"मोजा की. डोळं हायत तुमाला."

"वयनी, खालापूरपासनं पाहुनं येनार हायत. गावाची लाज जाईल. टाका दोन मुठी."

"नाय टाकत."

कारभाऱ्यांचा आवाज खाली आला, म्हणजे ते खरोखर रागावले होते. "मंग ऐका. आज आमटी आळनी म्हनून एका जरी मानसानं मिठासाटी हात वर केला, तर फुडल्या सालापासनं टोपाशी खालापूरचा आचारी उभा राहील. तुमी नाय."

चुलाणाभोवतीच्या बायका हातातली कामं सोडून बघायला लागल्या. चाखून निकाल लावता आला असता तर वाद मिटला असता, पण नैवेद्य व्हायचा होता. वन्संचा चेहरा मी पाहिला. सासूबाईंनी दिलेली जागा होती ती. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "बरं. राहू द्या तसं."

नैवेद्य झाला, पहिली पंगत बसली. आपल्याकडे पानावर आधी मीठ वाढतात, वर डाव्या बाजूला, मग लिंबू, मग बाकीचं. तसं ते वाढलं. भात आला, आमटी आली, आणि आमटीच्या वाढप्यामागोमाग कारभाऱ्यांनी मिठाचं भांडं घेऊन आणखी एक माणूस सोडला. तो प्रत्येक पानाशी वाकून "मीठ घ्या, मीठ" म्हणत चालला. लोक त्याच्याकडे न बघताच हाताने नको म्हणत होते, कारण तोंडं भरलेली होती. वन्सं खांबाला टेकून उभ्या. एवढ्यात शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. मिठाचं भांडं तिकडे धावलं, कारभारी त्याच्या मागे धावले, आणि मीही मागोमाग निघाले. म्हाताऱ्याने भांड्यात डोकावून पाहिलं आणि वाढप्यावर खेकसला, "मीठ काय करू रं, डोंबल? आमटी आन, आमटी." आमच्या बाजूच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

पंगत उठली. पानं उचलायच्या आधी वन्सं रांगांमधून चालायला लागल्या. माणसांशी एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त पानं बघत चालल्या. मी त्यांच्या मागे होते. भात संपलेला, बुंदी संपलेली, आमटीने बोटांच्या रेघा उमटलेल्या. आणि पानांपानांवर, वर डाव्या बाजूला, मिठाचे इवलेसे ढीग जसे वाढले तसेच. रांग संपली, दुसरी सुरू झाली, तिथेही तसंच. अख्खा मांडव पांढऱ्या ठिपक्यांनी भरला होता. शेवटच्या पानाशी पोचल्यावर वन्संनी माझा हात धरला, जरा जोरातच धरला, आणि सोडून दिला.

शेवटच्या पंगतीला रांधणारे आणि कारभारी बसतात. वन्सं भावजींच्या बरोबर समोर बसल्या. आमटी आळणीच असणार याबद्दल कारभाऱ्यांच्या मनात अजूनही शंका नव्हती. गावाने वयनींचा मान राखला, एवढाच त्यांनी अर्थ लावला होता. त्यांनी न चाखताच पानावरचं सगळं मीठ भातात मिसळलं, वर आमटी ओतली आणि मोठा घास घेतला. घास तोंडात थांबला. पान टाकून उठणं उत्सवात शोभत नाही, त्यातून ते स्वतः कारभारी. त्यांनी तो घास गिळला, पाणी प्यायले, दुसरा घास घेतला, पुन्हा पाणी प्यायले. वन्सं आपली आमटी चवीने खात होत्या. दुखण्यानंतर पहिल्यांदा पोटभर, स्वतःच्या मापाची, स्वतःच्या टोपातली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "पानी वाडायला सांगू का आनखी?"

कारभाऱ्यांनी मान खाली घालून भात संपवला. मग वाढप्याकडून थोडी आमटी पानावर घेऊन बोटाने चाखली, थोडा वेळ विचार केला, आणि मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मीठ बरोबर हाय." तो माणूस उगीच कौतुक करणाऱ्यांतला नव्हता आणि मोजूनमापून बोलायचा, त्यामुळे वन्संनी ते तीन शब्द कसे ऐकले ते मी विसरणार नाही. त्यांनी मान वर केली नाही. फक्त वाढप्याला म्हणाल्या, "भावजीस्नी भात वाड रं. कोरा. अन् आमटी वाड वरनं."

याला आता बरीच वर्षं झाली. कारभारी गेले. त्यांच्या मुलाकडे व्यवस्था आहे आणि गाव अजून त्याच मापाची आमटी खातं. नवीन माणसांना तर पूर्वी ती जास्त खारट होती हे ठाऊकही नाही. एक गोष्ट मात्र तुमच्यापुरती ठेवा. गेल्या दोन-तीन वर्षांत वन्संची जीभ गेली आहे. गोड कळतं, तिखट झोंबतं, पण मीठ आहे की नाही ते त्यांना समजत नाही. मला एकदा हळूच म्हणाल्या, "बाय, समदं सारखंच लागतंय गं." डॉक्टरबाई म्हणाल्या, वयाने होतं. घरात सून त्यांच्या पानापुरतं मीठ बघते, ना कमी ना जास्त. गावाला यातलं काही माहीत नाही, आणि कळायचं कारणही नाही, कारण नैवेद्याआधी चाखायचं नसतंच. टोपाशेजारी आता त्यांच्यासाठी खुर्ची ठेवतात आणि उठताना सून हात देते. त्या उकळी बघतात, आमटीची धार बघतात आणि मूठ उघडतात. या चैत्रातही मीठ त्यांनीच घातलं, आणि ते बरोबर होतं.